करार उधारीचे, कारखाना नगद हवा

५ सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाच्या उपसमितीने एका प्रचंड प्रकल्पाला मान्यता दिली. पनवेलजवळच्या तळोजा येथे अदानी उद्योगसमूह आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर ही कंपनी मिळून अर्धवाहक चिप बनविण्याचा कारखाना उभारणार, त्यासाठी दोन टप्प्यांत एकूण ८३ हजार ९४७ कोटी रुपयांची गुंतवणूक होणार, अशी ती घोषणा होती. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरच्या विजयादशमीला, बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगडावर आरक्षणाच्या मागणीसाठी मराठा समाजाचा विराट मेळावा भरला. वृत्तपत्रांनी पहिली बातमी उद्योगाच्या पानावर छापली आणि दुसरी राजकारणाच्या. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वेळी कोणास वाटले नाही. आमच्या मते तो संबंध आहे आणि तो अतिशय जवळचा आहे.

बालाघाटाच्या डोंगररांगांतील नारायणगड ही संत नगद नारायण महाराजांची भूमी. भाविक तिला धाकटी पंढरी म्हणतात आणि आषाढीला येथून पालखी पंढरपुरास जाते. या गडाच्या परिसरातील शेती पावसाच्या भरवशावर चालते. दसरा-दिवाळी झाली, की जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. ज्यांच्या आईवडिलांनी उसाच्या फडात आयुष्य घालविले, अशी मुले आज पदवी घेऊन गावी बसली आहेत. आरक्षणाच्या मागणीच्या न्याय्यतेची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु मेळाव्याला आलेल्या तरुणाच्या मनातील मूळ प्रश्न सन्मानाच्या रोजगाराचा आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. एका हाताने हजारो कोटींच्या उद्योगाची घोषणा करणारे राज्य आणि दुसरीकडे काम मागणारी तरुण पिढी, या दोहोंमध्ये पूल बांधला गेला आहे काय, हा खरा विषय आहे. म्हणूनच तळोजाच्या त्या प्रकल्पाचे पुढे काय झाले आणि ती टॉवर कंपनी मुळात आहे तरी काय, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

चिप म्हटले, की आपल्यासमोर संगणक आणि मोबाइल उभे राहतात. शून्य आणि एक या दोन अंकांच्या भाषेत गणित करणाऱ्या त्या चिपला डिजिटल चिप म्हणतात. परंतु निसर्ग शून्य-एकच्या भाषेत बोलत नाही. माणसाचा आवाज, रुग्णाच्या हृदयाचे ठोके, विहिरीवरील पंपाला मिळणारा विजेचा दाब, मातीतील ओलावा, इंजिनाचे तापमान ही सारी सतत चढती-उतरती राशी असते. ही राशी टिपणे, ती पुरेशी मोठी करणे, तिचे अंकांत रूपांतर करणे आणि अंकांत आलेले उत्तर पुन्हा आवाजाच्या, प्रकाशाच्या वा विजेच्या रूपाने जगाला परत देणे, हे काम ॲनालॉग चिप करते. विजेचे नियमन करणाऱ्या चिपही याच कुळातल्या. मोबाइलच्या चार्जरपासून सौरपंपाच्या नियंत्रकापर्यंत आणि विजेच्या मीटरपासून क्षेपणास्त्रापर्यंत असे एकही यंत्र नाही, की जे या चिपवाचून चालेल. डिजिटल चिप हा मेंदू मानला, तर ॲनालॉग चिप ही ज्ञानेंद्रिये आणि कर्मेंद्रिये होत. इंद्रियांवाचून मेंदू निरुपयोगी असतो.

या धंद्याची रीतही वेगळी आहे. डिजिटल चिपच्या जगात दर दोन-तीन वर्षांनी नवी, अधिक सूक्ष्म पिढी येते आणि जुनी मोडीत निघते. त्या शर्यतीत उतरायचे तर अब्जावधी डॉलर लागतात. ॲनालॉगमध्ये असे नाही. राज्यातील तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत विद्यार्थी आजही ज्या ७४१ या क्रमांकाच्या चिपवर पहिले धडे गिरवतात, ती १९६८ साली अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी सिद्ध केली आणि ती आजही विकली जाते. पंचावन्नहून अधिक वर्षे बाजारात टिकणारे दुसरे इलेक्ट्रॉनिक उत्पादन सहसा सापडणार नाही. येथे सूक्ष्मतेपेक्षा अचूकता महत्त्वाची, यंत्रापेक्षा रचनाकाराचा अनुभव मोलाचा. हे ज्ञान पुस्तकातून पुरते मिळत नाही. ज्येष्ठाच्या शेजारी बसून, हाताने मोजून, चुकत-माकत आत्मसात करावे लागते. आपल्या परंपरेतील गुरू-शिष्य पद्धतीशी या विद्येचे नाते अधिक जवळचे आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. अमेरिकेच्या ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने १९६५ साली दोन तरुण अभियंत्यांच्या उद्योगापासून सुरुवात केली आणि आज ती या क्षेत्रातील अग्रणी कंपन्यांत गणली जाते, ती अशाच पिढ्यान्‌पिढ्या साठविलेल्या कौशल्याच्या बळावर.

टॉवरची कथा याहून उद्बोधक आहे. उत्तर इस्रायलमधील मिग्दाल हाएमेक या लहानशा गावी अमेरिकेच्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचा एक कारखाना होता. १९९३ साली तो विकत घेऊन टॉवर कंपनी स्थापन झाली. म्हणजे आरंभ झाला तो परक्याने सोडलेल्या यंत्रसामग्रीवर! स्वतःच्या नावाची चिप न विकता इतर कंपन्यांनी रचलेल्या चिप त्यांच्यासाठी घडवून देणे, हा तिचा व्यवसाय. या शतकाच्या प्रारंभी टॉवरने दुसरा, मोठा कारखाना उभारला आणि नेमकी त्याच वेळी जगात चिपच्या बाजारात मंदी आली. कंपनी कर्जात आकंठ बुडाली. आता ही बुडणार, असे वाटण्याजोगी स्थिती कित्येक वर्षे होती. परंतु इस्रायलच्या शासनाने अनुदान दिले, तेथील मोठ्या उद्योगसमूहाने भांडवल घातले आणि बँकांनी कर्जाचा मोठा भाग समभागांत रूपांतरित करून घेतला. देश पाठीशी उभा राहिला. त्याबरोबरच कंपनीने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. तैवान आणि कोरियातील महाकाय कारखान्यांशी सूक्ष्मतेची शर्यत न लावता तिने ॲनालॉगची वाट धरली. रेडिओलहरींच्या चिप, विजेचे नियमन करणाऱ्या चिप, प्रकाश टिपणाऱ्या चिप ही तिची खास क्षेत्रे बनली.

पुढे २००८ साली कॅलिफोर्नियातील जॅझ ही कंपनी टॉवरमध्ये विलीन झाली. २०१४ साली जपानमध्ये पॅनासोनिकशी भागीदारी झाली, तर २०१६ साली टेक्सासमधील मॅक्सिम कंपनीचा कारखाना टॉवरने घेतला. २०२२ साली बलाढ्य इंटेलने ही कंपनी ५४० कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार केला. चीनच्या नियामकांची अनुमती वेळेत न मिळाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये तो मोडला आणि इंटेलला टॉवरला ३५.३ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. अमेरिकन खरेदीदार, इस्रायली कंपनी आणि नकाराधिकार चीनच्या हाती! चिप हा केवळ व्यापाराचा विषय उरलेला नसून राष्ट्रांच्या सामर्थ्याचा विषय झाला आहे, हे याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार? करार मोडल्यावरही टॉवर कोसळली नाही. २०२४ साली तिची उलाढाल सुमारे १४४ कोटी डॉलर होती. एक कोटी लोकसंख्येच्या, सतत युद्धाच्या छायेत वावरणाऱ्या देशाने तीस वर्षे चिकाटीने जोपासलेला हा उद्योग आहे.

आता भारताकडे वळू. चिप बनविण्याच्या क्षेत्रात आपण उशिरा उतरलो, हा समज खरा नाही. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याने १९८४ साली उत्पादन सुरू केले. आज जगातील सर्वांत बलाढ्य चिप उत्पादक असलेल्या तैवानच्या टीएसएमसीचा जन्म १९८७ सालचा. म्हणजे आपण त्यांच्या पुढे होतो. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि तो भस्मसात झाला. आग कुठल्याही कारखान्याला लागू शकते. परंतु त्याला पुन्हा उभे करण्यात वर्षानुवर्षे गेली, ती दिरंगाई मात्र आपल्या राज्यकर्त्यांची होती. टॉवर बुडू लागली तेव्हा इस्रायल तिच्यामागे उभा राहिला. मोहाली जळाले तेव्हा दिल्ली स्वस्थ बसली. दोन देशांच्या दृष्टीतील हा फरक तीन दशकांच्या पिछाडीचे कारण ठरला.

त्यातही एक विलक्षण योग असा, की पुढे अंतराळ विभागाकडे गेलेल्या या मोहालीच्या प्रयोगशाळेने जी १८० नॅनोमीटरची उत्पादनरेषा उभारली, तिचे तंत्रज्ञान टॉवरकडूनच आलेले आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हाती जी विक्रम ही ३२ बिटची स्वदेशी संगणक-चिप देण्यात आली, ती मोहालीच्या याच रेषेवर घडली. रचना इस्रोची, उत्पादन मोहालीचे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी विकसित केलेले स्वदेशी स्मृती-चिपचे तंत्रज्ञानही याच प्रयोगशाळेत उत्पादनयोग्य ठरले. परदेशी तंत्र घेतले, पचविले आणि त्यावर आपली निर्मिती उभी केली. दीनदयाळजींनी बाहेरून येणाऱ्या गोष्टी देशानुकूल करून स्वीकारण्याचा जो विवेक सांगितला, त्याचे हे मूर्तिमंत उदाहरण होय. काही मंडळी स्वदेशी म्हणजे दारे-खिडक्या लावून घेणे, असा अर्थ काढून टवाळी करतात. १९९१ साली दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तेव्हाही ती झाली होती. परदेशी विद्या वर्ज्य आहे, असे स्वदेशीचा विचार कधीच म्हणत नाही. ती विद्या आपल्या हाती उरते, की केवळ आपल्या जमिनीवर पाहुणी म्हणून राहते, एवढेच तो विचारतो.

या कसोटीवर टॉवरचे भारतातील प्रस्ताव पाहिले, तर निराशा पदरी येते. २०१४ साली, तत्कालीन संपुआ सरकारच्या अखेरच्या दिवसांत, जेपी समूह, आयबीएम आणि टॉवर यांच्या उत्तर प्रदेशातील कारखान्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली. जेपी समूहाने पुढे अंग काढून घेतले. २०२२ साली आयएसएमसी या नावाने टॉवरच्या सहभागाचा २२ हजार ९०० कोटींचा प्रकल्प कर्नाटकात म्हैसूर येथे यायचा होता. सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या झाल्या, कारखाना झाला नाही. तिसऱ्यांदा तळोजाची घोषणा झाली. पहिल्या टप्प्यात महिन्याला ४० हजार आणि दुसऱ्या टप्प्यानंतर ८० हजार सिलिकॉन-चकत्या घडविण्याची क्षमता सांगितली गेली. एप्रिल २०२५ च्या अखेरीस अदानी समूहाने टॉवरशी चाललेली बोलणी थांबविल्याचे वृत्त आले. देशांतर्गत मागणीविषयी साशंकता आणि टॉवरने आर्थिक भार किती उचलावा याविषयीचा मतभेद, अशी कारणे त्यात दिली होती. तीन राज्ये, तीन घोषणा आणि कारखाना एकही नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा दीड लाख कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावरून केवढा गदारोळ झाला! मोर्चे निघाले, अस्मितेची भाषणे झाली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून माघार घेतली. ज्या कारखान्यावरून आपण भांडलो, तो तळेगावलाही झाला नाही आणि गुजरातमध्येही नाही. कागदावरील आकड्यांसाठी भावांनी भावांशी भांडावे, यापेक्षा अधिक हास्यास्पद काय असू शकते? आसाममधील जागीरोडचे उदाहरण मात्र पाहण्यासारखे आहे. बंद पडलेल्या कागद कारखान्याच्या जागेवर टाटा समूहाने तेथे २७ हजार कोटींचा चिपजोडणी आणि चाचणीचा प्रकल्प हाती घेतला आणि २०२४ साली प्रत्यक्ष कामाला आरंभ झाला. बंदर नाही, महानगर नाही, तरीही उद्योग गेला. कारण राज्य, केंद्र आणि उद्योजक तिघांनीही आपापला वाटा प्रत्यक्ष उचलला. गुजरातमध्ये साणंद आणि धोलेरा येथील प्रकल्पांनाही केंद्राच्या योजनेतून निधी मिळाला, तो कागदपत्रे, भागीदार आणि बाजारपेठ सिद्ध केल्यावरच. तेव्हा दोष शेजाऱ्याला न देता आपली तयारी तपासावी, हे बरे.

राज्यात आणि केंद्रात राष्ट्रीय विचाराचे शासन असताना असे प्रश्न उपस्थित करू नयेत, असे काही हितचिंतकांना वाटेल. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. परक्याला विचारलेला प्रश्न टीका ठरतो, आपल्याला विचारलेला प्रश्न कर्तव्याची आठवण ठरतो. म्हणून तीन गोष्टी स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे, राज्याने मान्यता दिलेल्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची सद्यःस्थिती दर सहा महिन्यांनी जनतेसमोर ठेवावी. भूमिपूजन झाले की नाही, किती रक्कम प्रत्यक्ष खर्ची पडली, किती जणांना काम मिळाले, हे कळावे. प्रकल्प बारगळला असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही; मौन बाळगण्यात मात्र आहे.

दुसरी गोष्ट बाजारपेठेची. मागणीची शाश्वती नाही म्हणून कारखाना येत नाही, आणि कारखाना नाही म्हणून आपण चिप बाहेरून आणतो, असे हे दुष्टचक्र आहे. ते तोडण्याची शक्ती शासनाच्या हाती आहे. मागेल त्याला सौर कृषिपंप या योजनेतून राज्यभर बसणारे पंप, विजेचे नवे मीटर, रेल्वेची विद्युत उपकरणे, बिडकीनला येऊ घातलेल्या विजेवरील वाहनांच्या कारखान्याची गरज, या सर्वांत ॲनालॉग आणि वीजनियमनाच्या चिप लागतात. त्या अत्यंत सूक्ष्म पिढीच्या असाव्या लागत नाहीत. मोहालीसारख्या तंत्रज्ञानावरही त्यांतील बऱ्याच घडू शकतात. भांडुपच्या हिंद रेक्टिफायर्सने १९५८ पासून वीज-अर्धवाहकांच्या क्षेत्रात काम केले आहे. म्हणजे ही विद्या या मातीला अपरिचित नाही. शासकीय खरेदीत भारतात रचलेल्या आणि भारतात घडविलेल्या चिपला टप्प्याटप्प्याने प्राधान्य दिले, तर मागणी आपोआप सिद्ध होईल.

तिसरी गोष्ट थेट नारायणगडच्या परिसराशी निगडित आहे. चिपचा कारखाना बीडमध्ये आणा, अशी मागणी करणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक नव्हे. अशा कारखान्याला अतिशुद्ध पाणी प्रचंड प्रमाणात आणि क्षणभरही न खंडणारी वीज लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला असे स्वप्न विकणे म्हणजे त्याची फसवणूक होय. परंतु चिपचा कारखाना आणि चिपची रचना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. रचना करणाऱ्याला नदी लागत नाही, शिक्षण लागते. केंद्राच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत ८५ हजार अभियंते घडविण्याचे उद्दिष्ट आहे. रचनेची महागडी साधने महाविद्यालयांना उपलब्ध करून देण्याची आणि विद्यार्थ्यांच्या रचना मोहालीत प्रत्यक्ष घडवून देण्याची सोय त्यात आहे. बीडचे शासकीय तंत्रनिकेतन, अंबाजोगाईचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगर येथील नाइलिट ही केंद्रीय संस्था यांनी मिळून मराठवाड्यात ॲनालॉग रचनेचे एक सशक्त केंद्र का उभारू नये? १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे धावू लागली. कित्येक दशकांची ती प्रतीक्षा संपली. रुळांवरून आता केवळ ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आणि पुण्यात लहानसहान नोकरी शोधणारी मुलेच जाणार असतील, तर त्या रुळांचे सार्थक झाले असे म्हणता येणार नाही.

ही जबाबदारी एकट्या शासनाची नाही. मराठवाड्यातून निघालेले कितीतरी अभियंते आज बंगळूर, पुणे आणि परदेशातील नामांकित चिप कंपन्यांत अनुभवी पदांवर आहेत. ॲनालॉगची विद्या शेजारी बसून शिकवावी लागते, हे वर आलेच आहे. त्यांनी वर्षातील पंधरा दिवस आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी द्यावेत, गणित आणि भौतिकशास्त्रात गती असलेली मुले निवडून त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहे चालविणाऱ्या संस्थांनी आणि सेवाकार्यातील कार्यकर्त्यांनी या कामी दुवा व्हावे. बीड जिल्ह्यातील गडांनी शतकानुशतके सर्व जातींच्या माणसांना एका पंगतीत बसविले, व्यसनांपासून दूर नेले, लेखन-वाचनाची गोडी लावली. त्याच गडांवरून विद्येचा हा नवा संदेश गेला, तर तो कुठल्याही शासकीय जाहिरातीपेक्षा खोलवर पोहोचेल. जातीजातींत विभागलेल्या तरुणांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य भाषणांपेक्षा समान पुरुषार्थात अधिक असते.

टॉवरच्या इतिहासातून घेण्याजोगा धडा एवढाच, की हा उद्योग तातडीने मिळत नाही. त्यासाठी तोट्याची वर्षे सोसावी लागतात, आवाक्यातील क्षेत्र निवडावे लागते आणि अडचणीच्या काळी राष्ट्राला पाठीशी उभे राहावे लागते. आपण मात्र करार झाला, की पेढे वाटतो आणि करार मोडला, की गप्प बसतो. नारायणगडच्या संतांच्या नावातच नगद हा शब्द आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ रोख. मराठवाड्यातील तरुणाला आजवर पुष्कळ उधारीची आश्वासने मिळाली. आता त्याच्या हाती विद्या, संधी आणि काम हे तिन्ही रोख पडले पाहिजे. राष्ट्राच्या परमवैभवाची गणना शासनाच्या दप्तरातील करारांवरून होत नसते. ती प्रत्यक्ष चाललेल्या कारखान्यांवरून आणि त्यांत मानाने काम करणाऱ्या हातांवरून होत असते.